जुने घर ‘ऐतिहासिक वास्तू’ कसे ठरते? अहिल्यानगर जिल्ह्यातील बौद्ध कार्यकर्त्यांसाठी माहिती

घरकुलाच्या कामानिमित्त बौद्ध वस्त्यांमध्ये फिरताना एक प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो. रमाई आवास योजनेत नाव लागलेले असते, जुने मातीचे घर पाडून २६९ चौरस फुटांचे पक्के घर बांधायचे असते, आणि तेवढ्यात घरातली आजी म्हणते, “ह्याच वसरीत समता सैनिक दलाची पोरं निजायची. इथंच बाबासाहेबांच्या सभेची वर्गणी मोजली होती.” ऐकणारा नातू मोबाईलवर एक फोटो काढतो. आठ दिवसांनी त्या जागी पाया खोदलेला असतो.

यात कुणाचाही दोष नाही. गळक्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला पक्के घर मिळालेच पाहिजे. पण त्या घराची नोंद कुठेच झालेली नसते, हे मात्र आपले सामूहिक अपयश आहे. जुने घर स्थानिक ऐतिहासिक वास्तू म्हणून कसे नोंदवता येते, कायदा काय देतो व काय देत नाही, कागदपत्रे कोणती लागतात आणि मालकाचे काय होते, याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

घराला इतिहास कशामुळे मिळतो?

वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, मकबरा, वाडा, देऊळ येते. नगर शहरात चांदबीबी महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर आहे, दमडी मशीद आहे, भुईकोट किल्ला आहे. या वास्तू बांधकामासाठी प्रसिद्ध आहेत. पण त्याच भुईकोट किल्ल्यातील काही खोल्या वेगळ्या कारणाने जपल्या गेल्या. ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे कैदेत होते आणि पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले. त्या खोल्यांच्या बांधकामात विशेष काही नाही. तिथे कोण राहिले आणि काय घडले, यामुळे त्यांना महत्त्व आले.

वास्तूचे महत्त्व ठरवताना साधारणपणे चार गोष्टी पाहिल्या जातात: वय, बांधकामाचे वेगळेपण, एखाद्या व्यक्तीशी असलेला संबंध, आणि एखाद्या घटनेशी किंवा चळवळीशी असलेला संबंध. आपल्या समाजाची घरे पहिल्या दोन कसोट्यांवर बहुधा टिकणार नाहीत. ज्यांना गावाबाहेर ठेवले आणि ज्यांच्या हाती पैसा येऊ दिला नाही, त्यांनी सागवानी खांबांचे वाडे कुठून बांधायचे? आपला दावा व्यक्ती आणि चळवळ या दोन कसोट्यांवर उभा राहतो. म्हणून आपल्याला पुराव्याची तयारी इतरांपेक्षा जास्त करावी लागते.

आपल्या जिल्ह्यात शोधण्यासारखे काय आहे?

यादी मोठी आहे. दिशा कळावी म्हणून काही उदाहरणे:

- नगर शहरातील मिशनच्या शाळा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरमध्ये काम सुरू केले. सिंथिया फॅरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीरावांनी मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर त्या पाहिल्या आणि त्यातून मुलींच्या शाळेची प्रेरणा घेतली. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. मांग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा १८५५ सालचा निबंध ज्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, ते नियतकालिकही १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते.
- तरवडी, ता. नेवासा. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि पुढे अनेक दशके ते तरवडीसारख्या खेड्यातून चालवले. ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास या गावाशिवाय पूर्ण होत नाही.
- हरेगाव, ता. श्रीरामपूर. डिसेंबर १९३९ मध्ये वतनदारांच्या प्रश्नावर इथे परिषद झाली आणि बाबासाहेबांनी तिथे भाषण केले. महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी मांडलेल्या विधेयकापासून सुरू झालेल्या लढ्यातील हे महत्त्वाचे ठिकाण आहे. परिषदेला आलेली माणसे कुठे उतरली, भाकरी कुणी पुरवल्या, सभेची जागा नेमकी कोणती, याचा शोध गावागावांतून घेता येईल.
- १९३७ ची निवडणूक. स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर नगर जिल्ह्यातून प्र. ज. रोहम मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्या प्रचाराच्या बैठका ज्या घरांत, चावड्यांत आणि बोर्डिंगांत झाल्या, त्यांची नोंद व्हायला हवी.
- अकोले तालुका. दादासाहेब रूपवते याच तालुक्यातले. दया पवार यांचा जन्म धामणगावचा. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मुळे इथल्या महारवाड्याचे जगणे मराठी साहित्यात कायमचे नोंदले गेले. जे पुस्तक देशभर वाचले गेले, त्यातील वस्तीचा साधा नकाशा तरी आपण करून ठेवला आहे का?

याशिवाय प्रत्येक तालुक्यात १९५६ नंतर ज्या घरात पहिली वंदना झाली, जिथे पहिली बुद्धमूर्ती ठेवली गेली, जिथे वस्तीतला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा कंदिलाखाली शिकला, अशी घरे आहेत. ती राष्ट्रीय स्मारके नाहीत, पण स्थानिक इतिहास म्हणजे नेमके हेच.

चार उदाहरणे, चार धडे

फुले वाडा आणि भिडे वाडा. पुण्यातील गंज पेठेत जोतीराव-सावित्रीबाईंचे घर आज राज्य संरक्षित स्मारक आहे. १८६८ मध्ये ज्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते घर आपण जाऊन पाहू शकतो. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली, त्याच्या नशिबी हे आले नाही. तिथे दुकाने होती, भाडेकरू होते, आणि वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भाडेकरूंची याचिका फेटाळली गेली आणि ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री मोडकळीला आलेला वाडा पाडण्यात आला. आता तिथे नवे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. जागा मिळाली, वाडा मात्र गेला. धडा: संरक्षण वेळेवर मिळाले नाही, तर स्मारक मिळते पण वास्तू मिळत नाही.

दिल्लीचे २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण या पत्त्यावर झाले. तिथले स्मारक १३ एप्रिल २०१८ रोजी खुले झाले. उघड्या पुस्तकाच्या आकाराची ती इमारत भव्य आहे, पण ती नवी आहे. बाबासाहेब ज्या खोलीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे हस्तलिखित तपासत बसत, त्या खोलीत उभे राहण्याची संधी पुढच्या पिढीला मिळणार नाही.

दादरचे आंबेडकर भवन. जून २०१६ मध्ये एका रात्रीत आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची इमारत पाडली गेली. इमारत धोकादायक असल्याचे कारण पुढे केले गेले. त्यानंतर मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. धडा: वास्तू समाजाच्या ट्रस्टच्या ताब्यात असणे एवढेच पुरेसे नाही. तिची वारसा म्हणून सरकारी नोंद आणि वेळोवेळी डागडुजी, दोन्ही हवे.

लंडनचे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिलेले हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मारकाचे उद्घाटनही झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने नाकारली. प्रकरण सुनावणीपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. धडा: घर विकत घेतले म्हणजे काम संपले असे नाही. वापर बदलायचा तर नियोजन प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. हे आपल्याकडेही लागू आहे.

कायद्याने उपलब्ध असलेले मार्ग

१. केंद्रीय संरक्षण. प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार किमान शंभर वर्षे जुनी आणि राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली येते. भोवतालच्या शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. दाट वस्तीतील साध्या घरासाठी हा मार्ग बहुधा उपयोगाचा नाही. उलट शेजाऱ्यांची घरकुले त्यामुळे अडकू शकतात.

२. राज्य संरक्षित स्मारक. महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० नुसार राज्य शासन वास्तू संरक्षित घोषित करू शकते. प्रस्ताव राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जातो. आपला जिल्हा नाशिक विभागात येतो. प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतींसाठी दोन महिने मिळतात, त्यानंतर अंतिम अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. संरक्षणामुळे मालकी आपोआप शासनाकडे जात नाही, मात्र परवानगीशिवाय पाडणे किंवा बदल करणे गुन्हा ठरतो.

३. वारसा यादी. ‘स्थानिक ऐतिहासिक वास्तू’ या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा मार्ग हा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. मुंबईबाहेर बहुतांश महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि तीत वारसा वास्तूंची तरतूद आहे. वास्तूंना तीन श्रेणी दिल्या जातात. पहिली श्रेणी राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना, दुसरी प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंना, तिसरी परिसराच्या ओळखीत भर घालणाऱ्या वास्तूंना. श्रेणी जितकी वरची, तितकी बदलावर बंधने जास्त. चळवळीतील घरासाठी दुसरी किंवा तिसरी श्रेणी मागणे व्यवहार्य आहे. यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, मग ती अंतिम होते. म्हणून शहराची यादी किंवा विकास आराखडा सुधारला जात असेल, तेव्हा सूचना दाखल करण्याची मुदत चुकवू नये. नंतर मोर्चा काढण्यापेक्षा मुदतीत दिलेले एक पानी पत्र जास्त काम करते.

४. ग्रामसभेचा ठराव. खेड्यात पहिले पाऊल इथे पडते. घराची ऐतिहासिक म्हणून नोंद घेणे, फलक लावणे, रस्त्याला किंवा चौकाला नाव देण्याचा प्रस्ताव करणे, संरक्षणासाठी वरिष्ठ कार्यालयाकडे शिफारस करणे, हे ठरावाने करता येते. मात्र ठराव म्हणजे कायदेशीर संरक्षण नव्हे. ठराव झाल्यानंतरही मालक घर पाडू शकतो. तरीही पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडण्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागून घ्यावी.

५. फलक. लंडनमध्ये १८६६ पासून थोरांच्या घरांवर फलक लावण्याची पद्धत आहे. पुण्यातही जुन्या घरांवर निळे फलक दिसतात. फलकाने कायद्याचे संरक्षण मिळत नाही. पण मालकाच्या संमतीने, कमी खर्चात, एका महिन्यात होण्यासारखे हे काम आहे. जे घर पाडणे अटळ आहे, तिथे नव्या घराच्या भिंतीवर फलक लावता येतो.

मालकी आणि जमिनीचा प्रश्न

बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात. शहरात मालमत्ता पत्रक, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शेतजमिनीवरील घरासाठी सातबारा उतारा, हे कागद आधी काढावेत. नाव आजोबांचे आणि वारस अठरा, अशी स्थिती असते. सर्व वारसांची लेखी संमती नसेल तर पुढे जाऊ नये. त्यात बहिणी आणि आत्याही आल्या. त्यांना विसरून केलेला कागद न्यायालयात टिकत नाही, आणि समतेच्या चळवळीला तो शोभतही नाही.

जागा महार वतनाची असेल, तर आणखी काळजी हवी. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ नुसार वतने संपली आणि जमिनी नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या. अशा जमिनीचे हस्तांतरण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. घर ट्रस्टला द्यायचे ठरले तरी ही परवानगी लागते. ज्या वतनाविरुद्ध हरेगावची परिषद भरली, त्याची निशाणी आजही आपल्या उताऱ्यावर आहे. तो उताराच इतिहासाचा पुरावा म्हणून प्रस्तावाला जोडावा.

कुटुंब घर द्यायला तयार असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून ते सार्वजनिक ट्रस्टकडे देता येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदलेल्या ट्रस्टला स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे एक प्रकारचे कुलूप आहे. विश्वस्त मंडळात कुटुंबातील एक व्यक्ती, वस्तीतील किमान दोन महिला आणि एक तरुण असावा. नेत्यांची नावे भरून केलेला ट्रस्ट पुढे गटबाजीत सापडतो, हे आपण पुरेसे पाहिले आहे.

पुरावा कसा गोळा करावा?

1. छापील पुरावा. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांत जिल्ह्यातील सभा, वर्गणी आणि परिषदांच्या बातम्या येत. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी अठराव्या खंडात मराठी भाषणे आहेत. चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्राचे खंडही पाहावेत. गावाचे नाव सापडले की पान क्रमांकासह प्रत काढावी.
2. सरकारी कागद. जुने उतारे, शाळेचे प्रवेश रजिस्टर, मतदार यादी. पत्ता आणि काळ यांची सांगड यातून बसते.
3. मौखिक साक्ष. ऐंशी वर्षांपुढील माणसांपासून सुरुवात करावी. नाव, वय, तारीख आणि संमतीसह ध्वनिमुद्रण करावे. प्रश्न मोकळे ठेवावेत. “बाबासाहेब इथे आले होते ना?” असे विचारले की उत्तर ‘हो’ येणारच. त्याऐवजी “त्या काळी या घरात कोण कोण यायचे?” असे विचारावे. स्त्रियांशी स्वतंत्र बोलावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पुरुषांच्या सभावृत्तांतात न आलेला इतिहास बायकांनी जात्यावर जपला.
4. घराची मोजणी. लांबी-रुंदी, खोल्या, भिंतीची जाडी, छप्पर, दारे, कोनाडे यांचा आराखडा आणि चारही बाजूंचे फोटो. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मदत घेता येते.
5. पडताळणी. एकच गोष्ट दोन स्वतंत्र ठिकाणांहून सिद्ध झाली तरच ती ‘घडली’ म्हणून लिहावी. नाहीतर ‘अशी आठवण सांगितली जाते’ असे लिहावे.

शेवटचा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. बाबासाहेब आपल्या गावात आले होते, हे प्रत्येकाला हवेसे वाटते. पण बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा तपासायला शिकवले. एका घराबद्दल खोटा दावा उघड झाला, तर बाकीच्या दहा खऱ्या घरांवर संशय येतो.

प्रस्तावात काय असावे?

वास्तूचे नाव व पत्ता, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, मालकी, वास्तूचे अंदाजे वय, महत्त्वाचे एक पानी निवेदन, पुराव्यांची यादी व प्रती, आराखडा, फोटो, मालकांची संमती, ग्रामसभा ठराव, आणि पुढे वास्तूचा वापर व देखभाल कशी होणार याची योजना. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक पुरातत्त्व विभागाला, शहरात असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेला द्यावी. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार ‘अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नेहमी येणारे आक्षेप

“महारवाडा कशाला जपायचा? तो तर अपमानाचा इतिहास आहे.” हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणाऱ्यांचा मान राखला पाहिजे. बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले ते याच कारणाने. पण आपण जपतो आहोत तो अपमान नव्हे, तर त्या अपमानाविरुद्ध उभे राहिलेल्यांचा पत्ता. वस्ती पुसली गेली की उद्या कुणीही म्हणेल की आमच्या गावात तसले काही नव्हतेच.

“कुटुंबाने गळक्या घरात राहायचे का?” अजिबात नाही. घर जपण्यासाठी कुणाचे घरकुल अडवणे हा अन्याय आहे. कुटुंबाला दुसरी जागा मिळवून देणे, किंवा ओसरी अथवा एक खोली राखून बाकी बांधकाम होऊ देणे, हे पर्याय आहेत. काहीच शक्य नसेल तर पूर्ण नोंद, चौकटीचे लाकूड किंवा जाते यांसारखी वस्तू विहारात, आणि नव्या भिंतीवर फलक.

“आपला धम्म अनित्यता शिकवतो, मग विटा कशाला धरून बसायचे?” महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी जन्म, बोधी, धम्मचक्रप्रवर्तन आणि परिनिर्वाण या चार स्थळांचे दर्शन श्रद्धावानांनी घ्यावे असे सांगितले आहे. सम्राट अशोकाने लुंबिनीला जाऊन दगडी स्तंभ उभारला आणि इथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला असे त्यावर कोरून ठेवले. एका अर्थाने तो एक प्राचीन स्मृतिफलकच. त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे: अशोकाने त्या गावाचा कर माफ केला आणि शेतसारा एक अष्टमांशावर आणला. म्हणजे स्थळाचा मान वाढला, तेव्हा तिथे राहणाऱ्यांचा भार हलका झाला. हीच आपली कसोटी असावी. ऐतिहासिक वास्तू घोषित झाली आणि त्या कुटुंबाच्या वाट्याला फक्त बंधने आली, तर ते अशोकाच्या वाटेवरचे काम नव्हे. घरपट्टीत सवलत, डागडुजीला निधी, अभ्यासिकेत वस्तीतल्या मुलांना जागा, यांची मागणी प्रस्तावातच करावी.

आता काय करायचे?

६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक जामखेड तालुक्यातील चौंडीला झाली आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्मस्थळाच्या विकासासाठी सहाशे कोटींहून अधिक रकमेचा आराखडा मंजूर झाला. जिल्ह्याला आता त्यांचे नाव आहे. एका कर्तबगार स्त्रीच्या जन्मस्थळाचा हा सन्मान योग्यच आहे. त्यातून शासन मनावर घेते तेव्हा काय करू शकते, हेही दिसले. पण शासन आपणहून महारवाड्याच्या बोळात येणार नाही. आपण नोंद घेऊन त्याच्या दारात जावे लागेल.

संविधानाच्या कलम ५१क नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. त्या वारशात आपला वाटा किती, हे आपणच मांडायचे आहे.

प्रत्येक तालुक्यातील पाच तरुण-तरुणींनी एवढे ठरवावे: पुढच्या १४ एप्रिलपर्यंत आपल्या तालुक्यातील किमान तीन घरांची पूर्ण नोंद करायची आणि त्यातल्या एकाचा तरी ठराव ग्रामसभेत मांडायचा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभा आहेतच. मिरवणुकीच्या वर्गणीतून एक छोटा हिस्सा या कामाला काढला, तरी फलकाचा आणि झेरॉक्सचा खर्च भागतो.

आणि घरकुलाचा पाया खोदण्याआधी एक दिवस थांबून आजीला विचारावे. मोबाईल आपल्या खिशात आहेच. फोटोबरोबर तिचा आवाजही नोंदवून घ्यावा, कारण घर पुन्हा बांधता येते, तिची साक्ष पुन्हा मिळत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!